चढावरची बिडी

चाचा, तुमच्या जीपवर मी किल्लारी ते लातूर क्लिनर होतो. काचा पुसणं, पॅसेंजर गोळा करणं, सकाळी टपरीवरून तुमचा बिडीचा बंडल आणणं, ही माझी कामं. शिकणं त्यात कुठंच बसत नव्हतं. स्टेअरिंगला बोट लागलं की "हाथ निकाल" म्हणत तुम्ही फडकं फेकून मारायचात. म्हणून आधीच सांगून ठेवतो, हे आभाराचं पत्र नाही. गाडी मी बघून बघून शिकलो. आज लातूरला माझं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि दर बॅचला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, की मला कुणी शिकवलं नाही.

शिकवायला बसल्यावर कळलं की गाडीचं काही विशेष नाही, खरी मेहनत सबबी ऐकण्यात आहे. क्लच सोडायची वेळ आली की माणसाला काहीही आठवतं. एकाचं पोट येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात प्यालेल्या आंबिलीनं बिघडलेलं होतं. येळवस होऊन तेव्हा महिना उलटला होता. एक बाई म्हणाल्या, "सासूबाई म्हणल्या, आज लोखंडाला हात लावू नको, दिवस चांगला न्हाई." मी विचारलं, "सकाळी भाकरी कशावर भाजली?" म्हणाल्या, "तव्यावर." "तवा कशाचा?" हसल्या आणि बसल्या गाडीत. माझी पद्धत ही एवढीच. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, दुसरा प्रश्न विचारायचा. माणूस सबब पहिल्या प्रश्नापुरतीच शिवून आणतो, अस्तर लावत नाही.

पण यंदा एक हेडमास्तर आले. शिरूर अनंतपाळकडच्या शाळेतून रिटायर झालेले. मुलानं गाडी घेऊन दिली, ती अंगणात कव्हर घालून उभी. मुलगी नांदेडला दिलेली, आणि त्यांच्या बाईंचे गुडघे असे की एसटीची पायरी चढवत नाही. बाईंनी मला बाजूला घेतलं. "लेकीला बघून लई दिवस झाले, भाऊ. तेवढं यांना पास करा." लर्निंग लायसनची मुदत संपत आलेली, टेस्ट शुक्रवारी. आणि हेडमास्तरांना चढावर गाडी उचलता येत नव्हती. येत नव्हती म्हणजे, ते उचलून बघायलाच तयार नव्हते.

जन्मभर पोरांच्या सबबी ऐकलेला माणूस, त्याला सगळ्या तोंडपाठ. काल पाहुणे आले होते. पोटात कळ मारतेय. एकदा चष्मा घरी राहिला. मी विचारलं, "मग स्कूटीवर इथवर कसे आलात?" म्हणाले, "अंदाजानं." एकदा तर खिशातून चिठ्ठी काढली. अर्जदारास कालपासून कणकण असून एक दिवसाची रजा मंजूर व्हावी. सही बाईंची, अक्षर यांचं. मी म्हणालो, "सर, उद्या पालकांना घेऊन या." तर खरंच बाईंना घेऊन आले, आणि बाईंनी माझ्यादेखत त्यांना जे सुनावलं, तसं सुनावायला मला अजून जमलेलं नाही.

गुरुवारी त्यांना रिंग रोडपलीकडच्या ओसाड प्लॉटिंगमध्ये नेलं. तिथं एक चढ आहे. मध्यावर गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, आजूबाजूला शेळीसुद्धा नाही. हेडमास्तर घाम पुसतात, माझ्याकडं बघतात. "आज छातीत धडधडतंय हो. उद्या टेस्टलाच बघू की." माझं डोकं सणकलं. म्हणालो, "बसा तुम्ही, मी पान खाऊन येतो," आणि उतरून चढ चढायला लागलो. मागं वळून बघितलं नाही. गाडी गुरगुरली, बंद पडली. परत गुरगुरली, परत बंद. आणि मग बोंबलत, धापा टाकत ती माझ्या शेजारून वर गेली. हेडमास्तरांचे दोन्ही हात स्टेअरिंगला चिकटलेले, तोंड उघडं. सपाटीला थांबले, काच खाली केली, आणि आभार नाहीत की काही नाही, मलाच विचारतात, "पान कधीपासून खाता हो तुम्ही? आणि इथं टपरी कुठाय?"

दुसरा प्रश्न, चाचा.

टेस्ट पास झाले. रविवारी नांदेडहून फोन आला. "अहमदपूरपर्यंत सेकंड गिअरमध्येच आलो, पण आलो." मागून बाईंचा आवाज, "खोटं बोलू नका, पार पुढं लोह्यापर्यंत!"

तेव्हापासून मला आपला किल्लारीचा चढ आठवतोय. जीप रिकामी. मध्यावर उभी करून तुम्ही मागच्या चाकाला दगड लावलात, म्हणालात, "बिडी लाके आतूं, तू बैठ," आणि वर निघून गेलात. स्टँडवर पॅसेंजर ओरडायला लागले, "अय, जीप आण की वर!" तुमचा पत्ता नाही. शेवटी मीच सरकलो स्टेअरिंगमागं. जीप वर आली तेव्हा तुम्ही हॉटेलात चहा बशीत ओतून निवांत. "आगया? चल, सरक." बास, एवढंच. उस्ताद बिडी आणायला गेला होता आणि मी एकटा शिकलो, ही गोष्ट मी आजवर प्रत्येक बॅचला ऐकवत आलोय. गावभर दुसरा प्रश्न विचारत फिरलो, तुम्हाला तेवढा विचारला नाही. आता तुम्ही गेल्यावर विचारू कुणाला?

हे पत्र टाकणार नाही. पत्ता माहीत नाही म्हणून, असं लिहिणार होतो, पण तुम्ही फडकं फेकून माराल. उद्या नवी बॅच आहे आणि पहिल्या दिवसाचं भाषण अजून तेच आहे. बदलायला धीर होत नाही, हे खरं कारण. बिडी आणायचं काम माझं होतं, चाचा. त्या दिवशीचाही बंडल सकाळीच आणून तुमच्या खिशात मीच ठेवला होता.