आबांच्या गाडीला टेप बसवला

उंब्रज
१२ एप्रिल १९७८

प्रिय शालू,

पाचगणीच्या पोरींना गणित शिकवून झालं असेल तर जरा निवांत बस आणि हे वाच. आबांच्या गाडीला मी टेप बसवला. हसू नकोस. जी लँडमास्टर ढकलायला निम्मं उंब्रज लागतं, तिला आता गाणी पाहिजेत व्हय, असं सगळं गाव म्हणतंय. म्हणू दे. तुझ्या लग्नाला बँड सांगायची आपली ऐपत नाही, आणि मुक्या गाडीतनं तुला कोरेगावला पाठवायची माझी तयारी नाही. आबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं, फक्त माझ्याएवढी माती खाल्ली नसती.

आईचं मात्र तसंच आहे. जेवणाचं सगळं बघते, पण घाणा भरायला, हळदीला मांडवात येणार नाही म्हणते. आबांना जाऊन तीन वर्षं झाली, तवापासनं ती एकाही लग्नात पुढं आली नाही. पाच गावांच्या बायका जिला घाण्याची गाणी म्हणायला बैलगाडी पाठवून न्यायच्या, ती आता चुलीपुढं बसते. गेल्या साली चुलतबहिणीच्या हळदीला सगळ्याजणी मधेच गाणं विसरल्या, तर हिनं आतनं भाकरी थापता थापता पुढची ओळ सांगितली आणि लगेच तोंडावर पदर धरला. मी दोनदा विषय काढला. बायकांतलं तुला काय कळतंय, जा उसाकडं बघ, म्हणाली. मी गेलो.

तर टेपचं सांगत होतो. सयाजीकाका मिलिटरीतनं सुटून आला, त्यानं आपला जुना हातातला टेपरेकॉर्डर मला दिला. चार सेलवर चालतो. गाडीतला रेडिओ कधीच मेलाय, पण त्याचा स्पीकर धड होता. म्हटलं, नवीन काही घ्यायलाच नको, ह्याची वायर त्याला जोडू आणि बॅटरी गाडीची. जोडली. मशीनच्या पोटातनं बारीक धूर निघाला आणि अंगणातली सगळी मंडळी लय खूश झाली. एसटीनं सांगलीला मदनकडं पळालो. तो माझ्याबरोबर आयटीआयला होता, आता रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, गड्या, ह्या जुन्या गाड्यांची बॉडी प्लसची असते, तू सगळं उलटं जोडलंस. वर बारा व्होल्टची बॅटरी सहाच्या मशीनला लावलीस. जळलेला भाग त्यानं जुन्या ट्रान्झिस्टरमधला काढून घातला आणि बाराचे सहा करायला मधे तारेचं एक वेटोळं दिलं. पैसे घेईना, लग्नाचं आमंत्रण दे म्हणाला. तो जैन, त्यांच्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, तेव्हा त्याचं पान आधी मांडायचं हे आईला सांगून ठेवलंय.

आवाज तरीही डब्यातनं आल्यासारखा येत होता. मग मदननंच सांगितलेली युक्ती केली, स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा बसवला आणि माठ मागच्या सीटवर चुंबळीवर ठेवला. काय घुमतोय म्हणून सांगू. भर उन्हाळ्यात पाण्याचा माठ पळवला म्हणून आईनं मला जे काही ऐकवलं तेही बऱ्यापैकी घुमलं. खड्ड्यात टेप अडखळायचा, त्याच्याखाली वाकळेचा तुकडा घातला. आता उंब्रजपासनं मसूरपर्यंत न अडखळता वाजतो.

आता खरी गोष्ट. त्या दिवशी सोप्यात नवे सेल घालून मशीन बघत होतो. कोरी कॅसेट घातली, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, तेवढ्यात पाण्याची पाळी आली म्हणून हाक आली. तसाच मळ्यात पळालो. घरात कुणी नाही म्हणून आईनं जात्यावर लग्नाची डाळ भरडायला घेतली आणि गायला लागली. सगळं कॅसेटमधे आलं. घाण्याची गाणी, तुझ्या नावानिशी, आबांचंही नाव घालून. मधे एकदा मांजराला हाकललंय तेही आलं.

दुसऱ्या दिवशी आईला गाडीत पुढं बसवलं आणि काही न सांगता लावलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, बरी म्हणती रं ही बाई, कुठल्या गावची हाय? मग मांजर आलं आणि तिला कळलं. लाजली, हसली, मग डोळे पुसत बसली. कॅसेटची बाजू संपेपर्यंत उतरली नाही. मग तिनंच, हळदीचं सगळं बघणाऱ्या चंद्राबाई काकूला बोलावून विचारलं, हे हळदीला वाजवलं तर चालंल का? काकू म्हणाली, मशीनला कसला आलाय विटाळ. आईनं खुशीनं सांगितलं, मग वाजव, मी आतनं ऐकीन.

दोन दिवस मी मिशीला पीळ देत फिरलो. तिसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजताना डोक्यात उजेड पडला. शालू, दोन महिने खपून मी काय केलं, तर आईला चुलीपुढं बसायची चांगली सोय करून दिली. तिचा आवाज चालतो आणि ती चालत नाही, हे मला पटत नाही. तिलाही आतनं पटत नसणार, पण माझं ती ऐकायची नाही. नवरीचं ऐकेल. म्हणून हे पत्र. तू तिला सरळ लिही, की आई, तू घाण्याच्या जात्याला हात लावल्याशिवाय मी हळदीच्या पाटावर बसणार नाही. कोरेगावच्या मंडळींनाही आधीच लिहून टाक, म्हणजे त्या दिवशी कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको. भावकीत कोण काय बोलेल ते माझ्यावर सोड, मी आहे. आणि आई मांडवात येऊन गायला बसली, तर ही कॅसेट मी लावणार नाही. गाडी मुकीच तुला कोरेगावला नेईल, आणि मला त्याचं काही वाटणार नाही.

आज-उद्यात लिही, आणि मला नको, आईलाच लिही. वाचून मीच दाखवणार आहे.

तुझाच,
कृष्णातदादा