खोक्यांची हौस

आई, तुला ऑफिसात पार्टिशन का नको होतं, ते एकदा नीट सांगून जायला काय झालं होतं? तुला जाऊन दहा वर्षं होत आली आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. आज जरा जास्तच. सकाळपासून सुतार दोनदा येऊन गेला. त्याला सांगायचं ते सांगून झालंय, पण ऑफिसातल्या पोरांना काय सांगू ते सुचत नाही, म्हणून केबिनचं दार लावून तुला लिहीत बसलेय.

आगाशीच्या बाजारातली आपली टायपिंगची इन्स्टिट्यूट आठवतेय मला. खाली किराणा दुकान, वर तो लांबलचक हॉल, समोरासमोर दोन रांगांत मांडलेली मशीनं आणि मधोमध तुझं टेबल. घरी दोन खोल्यांत आपण सहा माणसं आणि इथेही सगळं उघड्यावर. माझ्या मैत्रिणीचा फोन आला की अख्खी बॅच खडखडाट थांबवून ऐकायची. बी.कॉम. झाल्यावर मी मुंबईला एका ऑफिसात इंटरव्ह्यूला गेले, तर तिथे प्रत्येकाला खांद्याएवढ्या उंचीचं स्वतःचं खोकं. आत स्वतःचं कॅलेंडर, कोपऱ्यात देवाचा फोटो. नोकरी मिळाली नाही, पण ते खोकं डोक्यात बसलं. तुझ्या हाताखाली आल्यावर मी तुझ्या मागेच लागले, की निदान बाहेरची कामं टाईप करणाऱ्यांना तरी प्लायचा आडोसा करू. तू म्हणालीस, पंख्याचा वारा अडतो. मी म्हटलं, टेबलफॅन घेऊ. मग म्हणालीस, इथली हवा दमट, प्लायला वाळवी लागते. मग म्हणालीस, पोरी आत बसून गप्पा मारतील. दर वेळी नवं कारण आणि एकही पटण्यासारखं नाही. शेवटी वैतागून मी सगळ्यांसमोर तुला चिकट म्हटलं. तू चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "आहे मी चिकट. जा, ते स्टेन्सिल संपव." तेव्हापासून सगळे तुला पाठीमागे चिकटबाई म्हणायला लागले, आणि तुला ते माहीत होतं.

कळंबच्या मावशी तेव्हाही टायपिंगला होत्या, अगदी तुझ्या समोरच्या खुर्चीत. तू त्यांना बहीण मानायचीस, म्हणून त्या आम्हा सगळ्यांच्या मावशी. हात असा वेगात चालायचा की बघत राहावं, आणि बोलणं कमी. एकदा मी कपाटात कागद शोधत, पाठ फिरवूनच त्यांना काहीतरी सांगितलं. तू ताडकन उठलीस. "माणसाशी बोलताना तोंड माणसाकडे करावं. कपाटाशी काय बोलतेस?" सगळ्या बॅचसमोर! मला वाटलं, ही मला वळण लावतेय. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

मग तू गेलीस. टाईपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले. मी हाऊसिंग सोसायट्यांची बिलं करून द्यायला लागले. फुलपाड्यात रोज नवी बिल्डिंग उभी राहते आणि तिच्या सेक्रेटरीला हिशोब जमत नाही, त्यामुळे काम तुंबलेलं असतं. गेल्या वर्षी विरारला पश्चिमेला स्वतःचा गाळा घेतला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर खोकी. प्रत्येकाला एक. वर सनमायका, आत पिना टोचायला निळं कापड लावलेला बोर्ड. पोरं खूश. मावशींनाही कोपऱ्यातलं चांगलं खोकं दिलं. त्यांनी सनमायक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान हाय, बाय." बस, एवढंच.

आणि तिथून जे सुरू झालं! आमचं काम म्हणजे नुसती हाकाटी. अमक्या सोसायटीची बिलं थांबवा, तमक्याचा फ्लॅट विकला, नाव बदला. सगळं आपापल्या खोक्यातून ओरडून. बाकीच्यांची बिलं बरोबर निघायची आणि मावशींची जुन्या नावांनी. सेक्रेटरी येऊन मला झापायचे, मी जाऊन मावशींना. त्या मान हलवायच्या, हसायच्या आणि पुन्हा तेच. मला वाटलं, वय झालं, लक्ष लागत नाही. मागच्या आठवड्यात दुपारी लोडशेडिंग झालं. गाळ्यात अंधारगुडुप. सगळे चहाला खाली गेले होते. मी मावशींच्या खोक्याशी उभी राहून म्हटलं, मावशी, हे असं चालणार नाही, आपण काहीतरी ठरवू या. त्या अंधारात माझ्या तोंडाजवळ वाकल्या. पुन्हा म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं, मला ओढत बाहेर गॅलरीत नेलं, माझं तोंड उजेडाकडे केलं आणि म्हणाल्या, "हां, आता बोल."

मी विचारलं, मावशी, तुम्हाला ऐकू येत नाही? तेव्हा त्यांनी सांगितलं. लहानपणी ताप आला, त्यात कान गेले. एका कानाला थोडंसं येतं, दुसऱ्याला काहीच नाही. कानाचं मशीन लावून पाहिलं तर डोक्यात नुसती घरघर. समोरच्याचं तोंड दिसलं की सगळं कळतं. "तुझ्या आईला पहिल्या दिवशीच समजलं. कायच बोलली नाय. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची तिच्या समोर. पन मी तिला शपथ घातलेली, कोनाला सांगायचं नाय म्हनून."

शपथ होती म्हणे! अगं, मी तुझी मुलगी ना? शेवटी शेवटी दवाखान्यात तू मला गॅसचं पुस्तक कुठे आहे ते सांगितलंस, लोणच्याची बरणी उन्हात ठेव म्हणालीस. त्यात हे एक वाक्य मावलं नसतं? वाळवी लागते म्हणे. मी वर्षानुवर्षं त्या वाळवीवर चिडत राहिले. मला तुझा इतका राग आला आई, की गॅलरीतच रडू आलं. मावशींना वाटलं, त्यांच्याचसाठी रडतेय.

त्यांनी काम सोडायचं ठरवलं होतं, या महिन्यापासूनच. मी म्हटलं, उद्याच्या उद्या भिंती काढते. तर त्या घाबरल्याच. "काढ, पन कोनाला कारन सांगू नको. बहिरी म्हनून कळलं की मानसं बोलत नाय, ओरडतात. नायतर हातानं खुना करतात. मला काम येतं, बाय. मला फक्त तोंडं दिसू दे." नवरा गेल्यापासून त्यांचं सगळं घर या खुर्चीवर चाललंय. मी कबूल केलं. मीही शपथ घेऊन बसले.

आज सगळ्यांना सांगितलं की खोकी निघणार, पुन्हा मोठी टेबलं, सगळे समोरासमोर. एकच गिल्ला झाला. नालासोपाऱ्याचा एक पोरगा आहे, हुशार, त्याने खोक्यात बायकोचा फोटो लावलाय. तो म्हणाला, "मॅडम, आत्ताच तर बनवलं ना सगळं? मग प्रॉब्लेम काय आहे, ते तरी सांगा." मी म्हटलं, हवा खेळती राहत नाही. तो म्हणाला, "एसी आहे ना, मॅडम." मी म्हटलं, मला असंच आवडतं. आत आले, तर दाराबाहेरून ऐकू आलं, "आली लहर, केला कहर. पैसा जास्त झालाय."

दाराच्या काचेतून पाहिलं, तर मावशी तिथेच उभ्या होत्या. त्यांना त्याचं तोंड दिसत होतं, म्हणजे त्यांना कळलंच असणार. त्यांनी माझ्या दाराकडे पाहिलं आणि जागेवर जाऊन बसल्या.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, तर खरं ते लिहिते. सुतार उद्या येईल, भिंती जातील, मावशी राहतील, त्यात बदल नाही. पण मघापासून तीनदा दाराच्या कडीला हात लावून परत आलेय. बाहेर जावं आणि त्या पोराला खरं कारण सांगून गप्प करावं, असं फार वाटतंय. तू इतकी वर्षं चिकट म्हणवून घेतलंस, माझ्याकडूनसुद्धा. मला एक दिवस लहरी म्हणवून घेववत नाहीये, आई.