दसरा नसलेल्या वर्षीचं तेल

अण्णा,

मागच्या आठवड्यात एका दुपारी गाडीतला लाल दिवा लुकलुकला तेव्हा मला आधी तुमची आठवण आली असं लिहिलं, तर ते खोटं होईल. आधी भीती वाटली. तुम्ही आठवलात ते त्यानंतर, आणि तेही रागावलेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा साधा, बोलता आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. रागावलेला आवाज मात्र भर रस्त्यात, डोळे उघडे असतानाही ऐकू येतो. असं का, ते देव जाणे.

आधी घरचं सांगते. तुमच्या नातीचे दिवस भरत आलेत. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण कपाळ आणि हट्ट दोन्ही तुमचंच घेऊन आलीय. जावई पुण्याला नोकरीवर आहेत आणि त्यांनी सुट्टी बाळंतपणासाठी राखून ठेवलीय, म्हणून ती माझ्याकडे दिलसुखनगरला आलीय. दवाखाना सिकंदराबादला, कारण तिथल्या डॉक्टरीणबाईंवाचून तिचं पान हलत नाही. यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गाडी चालवायची मनाई, तेव्हा नेणं-आणणं माझ्याकडे आलं. ती म्हणते, कॅब आहे ना, कायको टेन्शन घेतेस. पण मागच्या खेपेला कॅबवाला येतो येतो म्हणाला आणि ऐन वेळी दुसरीकडे निघून गेला, आम्ही दोघी फाटकापाशी उन्हात उभ्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की वेळ आली की मीच नेणार, आपल्याच गाडीतून. ठरवलं खरं, पण मी चालवते कशी ते तुम्हाला माहीत आहे. शिकवताना तुम्हीच म्हणाला होतात की ही ब्रेकवर पाय ठेवून जन्माला आलीय.

तर त्या दिवशी तिची तपासणी करून परत येत होतो. चादरघाटचा पूल ओलांडला, मलकपेठेकडे वळले, आणि वळतानाच समोर तो तेलाच्या झारीसारखा लाल दिवा लागला आणि विझला. मला वाटलं भास झाला. ती शेजारी बसून फोनवर नवऱ्याशी बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं आणि पुढे निघाले. घर काही फार लांब नव्हतं. पुढे एका रिक्षेला बाजू द्यायला गाडी थोडी वळवली आणि दिवा पुन्हा लागला, आणि तेव्हा तुम्ही बोललात. लाल दिवा दिसला की घर जवळ आहे असं म्हणायचं नाही, तिथंच इंजिन बंद करायचं. पिवळा दिवा विनंती करतो, लाल दिवा विचारत नाही. मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग इतकं जड होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांनी ओढून कशीबशी गाडी मेट्रोच्या खांबालगत नेली. मागे हॉर्नचा गोंधळ, एक जण काच खाली करून तेलुगूत काहीतरी बोलून गेला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ती घाबरून म्हणाली, मध्येच बंद का केलीस. मी म्हणाले, जरा गरम झालीय. उतरले, बॉनेट उघडलं. तेल खाली उतरू द्यायचं आणि मगच तेल मोजायची पट्टी ओढायची, हे तुमचं शिकवलेलं आठवलं, म्हणून उन्हात उभी राहिले. मग पट्टी ओढली, ओढणीला पुसली, पुन्हा घालून पुन्हा ओढली. खालच्या खुणेच्याही खाली, अगदी टोकाला काळं काहीतरी चिकटलं होतं, बाकी पट्टी कोरडी. मी तशीच पट्टी हातात धरून उभी होते तेव्हा ती आतून म्हणाली, "आई, पोट घट्ट होतंय गं."

अण्णा, त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं, संपलं. इथंच, या खांबापाशी, या हॉर्नमध्ये, आणि ते माझ्यामुळे. मी तिचा हात धरून बसले. पोट सैल झालं, पुन्हा घट्ट झालं नाही. नुसत्याच तशा कळा असतात म्हणे, खऱ्या नाहीत, डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. एका रिक्षावाल्याने आमच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि भाड्याचं काहीही न बोलता म्हणाला, "बैठो अम्मा, आहिस्ता लेके जातूं." प्रत्येक गतिरोधकावर तो माणूस रिक्षा जवळजवळ हातांनी उचलल्यासारखी नेत होता. गाडी मागे राहिली, खांबाला टेकून.

तेल का संपलं ते तुम्ही विचाराल. विचारालच. तुमच्या घरात तेल कधी बदलायचं हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही, कारण तो सणच होता. खंडेनवमीला सकाळी तुम्ही गाडी एक फेरी मारून आणायचात, इंजिन कोमट झालं की खाली जुनी परात सरकवायचात, स्वतः आडवे व्हायचात आणि खालचा नट काढायचात. जुनं तेल पडून जायचं, नवं भरलं जायचं, मग गाडीला आंघोळ, मग हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. पाडव्याला पुन्हा तेच. लहानपणी मला वाटायचं की तेल बदलणं हा पूजेचाच भाग आहे, देवाला जुना हार काढून नवा घालतात तसा. लग्नानंतरही मी तेच धरून चालले. आताच्या गाड्यांना वर्षातून एकदा पुरतं असं सर्व्हिसवाले म्हणाले, म्हणून पाडवा सुटला, दसरा राहिला. दसऱ्याआधी तेल, मग हार. कधी चुकलं नाही.

यंदा आखाडात सासूबाई गेल्या. वर्षभर सण नाही. दसरा आला आणि गेला, दाराला तोरण नाही, समोरच्या तेलुगू बाई जम्मीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून घेऊन आल्या आणि आमच्याकडे सण नाही हे लक्षात येताच उंबऱ्यावरूनच परत गेल्या. गाडीला हार नाही, म्हणून आंघोळ नाही, म्हणून तेल नाही. हे मी ठरवलंसुद्धा नाही. मनात आपोआप घडलं. किलोमीटरच्या आकड्याकडे पाहिलं असतं तरी त्यानं काही सांगितलं नसतं, कारण गाडी धावलीच किती, बाजार, देऊळ, दवाखाना. तुम्ही म्हणायचात की जवळच्या जवळ फिरणारी गाडीच तेल जास्त नासवते, इंजिन तापायच्या आत बंद होतं, आणि उभी गाडीसुद्धा तेल जुनं करतेच. किलोमीटर पुरे झाले किंवा मुदत भरली, जे आधी होईल ते, असं सर्व्हिसवालेही म्हणतात. आणि मधूनमधून पट्टी पाहायची ती वेगळीच, कारण वय झालेली गाडी थोडं तेल पिते. सगळं मला माहीत होतं. पण सण नव्हता, आणि मी सण धरून बसले होते.

रिक्षेत बसल्यावर मला आजी गेली ते वर्ष आठवलं. तेव्हा आपण मलकपेठेला, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत राहत होतो. आजीला जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात फोडणीसुद्धा दबकत पडायची. आणि खंडेनवमीच्या सकाळी तुम्ही गाडी फेरी मारून आणलीत आणि परात घेऊन खाली शिरलात. हार नाही, कुंकू नाही, नारळ नाही, फक्त तेलाचा डबा. मी शाळेतली पोरगी, मला लाजेनं मेल्यासारखं झालं. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, घरात सुतकाचं वर्ष आणि यांची खंडेनवमी चाललीय. तुम्ही बाहेर आला नाहीत. गाडीखालूनच, पाय तेवढे दिसत असताना बोललात.

"सण वर्षभर बंद राहील, काकू. हिचा दमा बंद राहणार आहे का?"

काकू वर गेल्या. मला मात्र काकूंचंच पटलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाले की अण्णांना आजीचं काही वाटतच नाही. आई चुलीपाशी पाटावर बसली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, थंडी पडायला लागली की तिचं तसंच व्हायचं. तिने चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि मानेनेच बाहेर जा म्हणाली. मी गाडीपाशी वाकले. परातीत तेल पडायचं केव्हाच थांबलं होतं. नट अजून तुमच्या मुठीत होता, आणि तुम्ही वर इंजिनाकडे बघत नुसते पडून होतात. मी काही विचारलंही नव्हतं, तरी तुम्ही म्हणालात, तेल निथळायला वेळ लागतो. चहा ठेव तिथं. तो चहा तसाच गार झाला. मी तेव्हा चिडून निघून गेले. आज मला वाटतं की आपल्या आईसाठी रडायला तुम्हाला त्या घरात दुसरी जागा नव्हती.

आपली गाडी हौसेची नव्हती, हेही मला फार उशिरा कळलं. रेल्वेच्या शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला गाडी कशाला, असं सगळे म्हणायचे, आणि तुम्ही हसून सोडून द्यायचात. ती आईच्या दम्यासाठी घेतली होती. केव्हा छाती भरेल आणि केव्हा न्यावं लागेल याचा नेम नव्हता. म्हणून रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी तुम्ही बॉनेट उघडून पट्टी बघायचात. मी शेजारी यायची, मला बघू द्या म्हणायची, आणि तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवायचात. हात काळे होतील, एवढंच म्हणायचात. मला वाटायचं, तुम्हाला मुलींना ही कामं शिकवायची नाहीत. मग गाडी चालवायला शिकवलीत, तेल बदलायला शिकवलंत, लाल दिव्याचं शिकवलंत, पण सकाळची पट्टी तेवढी कधी माझ्या हातात दिली नाहीत.

गाडी आता आलीय. मलकपेठचाच एक मेकॅनिक जाऊन घेऊन आला. जुनं तेल काढलं ते नुसता काढा झाला होता म्हणाला. नवं भरलं, फिल्टर बदलला. इंजिन वाचलं का, असं मी विचारलं तर त्यानं मान दोन्हीकडे हलवली. "चलता मॅडम. सुबो सुबो थोडा आवाज करींगा, डरो नक्को." डरो नक्को म्हणायला त्याचं काय जातंय. तेल बदललं त्या दिवशी अमावास्या होती. मी फूलही वाहिलं नाही, कुंकवाचं बोटही लावलं नाही, आणि शेजारच्यांनी पाहिलं तरी पाहू दे म्हटलं.

पण आवाज आहे, अण्णा. सकाळी किल्ली फिरवली की आधी टकटक होतं, तेल वर चढेपर्यंत, आणि मग थांबतं. तेवढा वेळ मी श्वास धरून बसते. एखाद्या सकाळी ते थांबलं नाही तर? त्याच सकाळी तिला न्यायची वेळ आली तर? दिवसभर मी हसते, लाडू वळते, दुपटी शिवते, आणि आत सारखं टकटक चालू असतं. तिला मी सांगितलंय की गाडी आता ठणठणीत आहे. कॅबवाल्याचा नंबरही घेऊन ठेवलाय आणि त्या रिक्षावाल्याचाही. जीव काही थाऱ्यावर येत नाही. तुम्ही इतकी वर्षं हे कसं सोसलंत, तेही चेहऱ्यावर काही न दाखवता, हे मला विचारायचं होतं. आई तुमच्यानंतरही पुष्कळ जगली. एकदाही गाडी वाटेत बंद पडली नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि पत्ता नाही. घडी घालून गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवते, मॅन्युअलखाली. ती आतून हाक मारतेय, चहासाठीच असेल, आवाज तरी तसाच आहे.

एकच सांगायचं राहिलं. रोज सकाळी मी सेलरमध्ये, इमारतीखाली गाड्या लावतात तिथं, उतरून पट्टी काढते तेव्हा ती हळूहळू जिना उतरून मागे येते आणि मला दाखव ना म्हणते. मी तिच्याकडे पाठ फिरवते. हात काळे होतील म्हणते. पट्टी पुसताना माझा हात थरथरतो, तो तिला दिसू नये म्हणून. तुमची पाठ मला अजून स्पष्ट दिसते, अण्णा. तुमचा हात मी कधी पाहिलाच नाही.