डाव्या नळीचा मालक

क्लन,
१८ नोव्हेंबर १९८७

ती. अँब्रोजकाकांस,
विनिफ्रेडचा सा. न. वि. वि.

बाबांच्या अंत्यविधीला तुम्ही शेवटच्या बाकावर बसला होतात. मी बाहेर येईपर्यंत निघूनही गेलात. रागावून लिहीत नाही, एक विचारायचं आहे.

बाबांची जुनी दुनळी बंदूक, प्रत्येक नळीला वेगळा घोडा असलेली, मी लिलावाला द्यायची ठरवली आहे. माझे गुडघे आता शेताच्या बांधावरून फिरू देत नाहीत. बंदूकवाले प्रॉसर ती बघायला आले. नळ्यांवरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी बघून हरखले आणि मग घोड्यांवरून अंगठा फिरवू लागले. उजव्या घोड्यावर अंगठा टेकतो तिथल्या खाचा झिजून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. डाव्याच्या अजून टोचतात. प्रॉसरनी विचारलं, म्हातारबुवा डाव्या नळीला घाबरत होते का? खोट असेल तर आत्ताच सांगा.

मग मलाही आठवलं. एकदा दोन फेझंट पक्षी एकदम उठले. बाबांनी एक पाडला आणि दुसरा ओकच्या झाडांपलीकडे जाईपर्यंत नुसते बघत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, एक पुरे. आम्ही जेवणारी पाच माणसं होतो हो!

पंधरा डिसेंबरला बंदूक जायची आहे. त्या नळीला काय झालं आहे? सांगू शकणारे तुम्ही एकटेच उरलात.

खोकला कसा आहे? पत्रात आधी प्रकृती विचारावी हे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नडेटनी छडी आपटून शिकवलं होतं, ते राहूनच गेलं. माया असू द्यावी.

तुमची
विनी


बिशप्स कासल,
२३ नोव्हेंबर

चि. विनीस, आशीर्वाद.

नळी ठणठणीत आहे. प्रॉसरला म्हणावं, तुझ्या बापालाही नळ्यांमधलं काही कळत नव्हतं. खोकला आहे तसाच. विकायची तर विक.

डावा घोडा खरंच टोचतो? की प्रॉसर म्हणतो म्हणून? स्वतः अंगठा लावून बघ आणि लिही.

काका


क्लन,
२६ नोव्हेंबर

ती. काकांस, सा. न.

अंगठा लावला. टोचतो.

आणखी एक. बंदूक पुसायच्या पेटीत दोन फडकी निघाली. एक काळंकुट्ट. दुसरं धुऊन घडी घातलेलं, कोपऱ्यात आजीच्या हातचं ‘ए’ अक्षर भरलेलं. तुमचं फडकं बाबांच्या पेटीत कसं? तुम्ही घर सोडलंत त्या वर्षी नाताळच्या सुट्टीला मी कॉन्व्हेंटमधून घरी आले तर तुमची खोली रिकामी, आणि विचारायचं नाही असं आईनं बजावलेलं. तेव्हा बारा वर्षांची होते, गप्प बसले. आता त्रेपन्न वर्षांची आहे. विचारते.

तुमच्या लोभातली
विनी


बिशप्स कासल,
२ डिसेंबर

चि. विनीस, अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. ऐक.

तुझ्या आजोबांनी ती बंदूक आम्हा दोघा भावांना मिळून ठेवली. मग आम्ही नियम केला: उजवी नळी तुझ्या बापाची, क्लेमची, डावी माझी. बरोबर हिंडायचं. त्याचा बार झाला की बंदूक माझ्या हातात. आणि आपली नळी आपण पुसायची. त्यावरूनही भांडू लागलो, तेव्हा आईनं फडक्यांवर अक्षरं भरली.

सेहेचाळीसच्या थंडीत नाल्याकाठून दोन वुडकॉक पक्षी एकदम उठले. असा योग माणसाला जन्मात एकदा येतो. क्लेमनं दोन बारांत दोन्ही पाडले. पबमध्ये आठवडाभर त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. दुसरा बार माझा होता हे कोणाला ठाऊक? मी म्हटलं, माझी नळी चोरलीस. तो हसला. तो हसला म्हणून मी घर सोडलं.

म्हणे एक पुरे! एक्केचाळीस वर्षं मी समजत होतो की तो दोन्ही नळ्या मजेत उडवतोय. दर रविवारी एकाच चर्चमध्ये होतो गं. गाढवानं एकदा सांगायचं तरी. मी दुसरा गाढव, मीही विचारलं नाही.

पंधरा तारीख पुढे ढकलता येईल? माझा एक बार राहिला आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या सणाला, फादरांच्या शेतात नेमबाजीसाठी मातीच्या चकत्या उडवतात ना अजून? काडतुसं आखूड, मंद दारूची आण. हल्लीची जोरकस त्या म्हातारीला सोसायची नाहीत. आणि तोवर डाव्या घोड्याला कोणी हात लावायचा नाही.

अँब्रोज


क्लन,
२८ डिसेंबर

ती. काकांस,
सा. न., पण रागावून.

अख्खं गाव बघत होतं. एका अंगठ्यानं घोडा ओढवेना म्हणून तुम्ही दोन्ही अंगठे लावलेत. मी पुढे झाले तर खेकसलात, लांब हो, माझा आहे. चकती आली, तुमच्या डोक्यावरून गेली आणि चिखलात अख्खीच्या अख्खी पडली. तुम्ही म्हणालात, क्लेमनं फोडली असती. मग डोळे पुसलेत आणि धूर गेला म्हणालात. वारा तर उलटा होता, काका.

उजव्या नळीनं मी पहिलीच चकती फोडली, हे कोणी विचारलंच नाही म्हणून लिहिते.

प्रॉसरना कळवलं आहे की बंदूक विकायची नाही, तिची अर्धीच मालकी माझी आहे.

रागाचं कारण वेगळंच. नाताळच्या चार गोड मिन्स-पाय पेस्ट्र्या खाऊन तुम्ही खुशाल घरी गेलात, नळी न पुसता! उजवी मी बाबांच्या फडक्यानं लखलखीत केली. डावी काजळीसकट तशीच आहे. मी हात लावणार नाही, नियम तुमचाच. आठवड्याच्या वर राहिली तर गंज धरेल.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर सरळ इकडे या. ‘ए’चं फडकं बाहेर काढून ठेवलं आहे.

तुमची
उजव्या नळीची मालकीण
विनी