भिंगरी जगते की मरते

कसबा पेठ, पुणे
२५ सप्टेंबर २०२५

ती. कल्याणीआत्यास,
सा. न. वि. वि.

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तुझ्या शेवटच्या प्रकरणांचं बाड येऊन आठवडा झाला आणि पोच आज लिहितेय. रोज सकाळी ठरवायचे, आज आत्याला पत्र. मग पेन सापडायचं नाही. ते आणायला निघायचे, तर तांबट आळीत कुणीतरी घंगाळ ठोकत बसलेलं असायचं. ते बघत उभी राहायचे आणि घरी येताना हातात पेन सोडून काहीही. काल शेवग्याच्या शेंगा होत्या. शिवाय पत्र लिहायची सवय मला कुठली? शेवटचं पत्र आठवीच्या परीक्षेत लिहिलं होतं, नळाला पाणी येत नाही म्हणून आयुक्तांना. त्यांचं अजून उत्तर नाही.

पण तुझी अटच तशी. चेटकिणींबद्दल फोनवर बोललं की त्या नासतात म्हणे. आणि तू जाऊन बसलीस सुंदरामावशीच्या वाघदऱ्याला, जिथे फोनला रेंज यायला टेकडी चढावी लागते. गंमत बघ, आयुष्यभर पेठ न सोडलेली तू डोंगरात, आणि कॉलेज अर्धवट टाकून गोवा, स्पिती, कुठेकुठे भटकलेली मी तुझ्या घरात तुझ्या तुळशीला पाणी घालतेय. बाबा म्हणाले, जगबुडी जवळ आली.

हां, तर मुद्दा. सगळं टाइप झालं! आत्या, काय शेवट केलायस गं! पहिले दोन भाग घाटमाथ्यावरच्या आणि नदीकाठच्या चेटकिणी धुक्यावरून भांडतायत. डोंगरातली काळंबी म्हणते धुकं आमचं, नदीतली डोहाई म्हणते आमचं. सगळ्यांना वाटलं, तिसऱ्या भागात प्रेतांचा खच पडणार. आणि तू काय केलंस, तर ऐन लढाईत दोन्ही सैन्यांना भोंडल्याचा फेर धरायला लावलास! ज्याला खिरापत ओळखता येणार नाही तो पक्ष हरणार. डबा हलवून हलवून दोन्हीकडच्या थकल्या, कुणालाच ओळखेना, शेवटी डबा उघडून सगळ्या एकत्र खातात. मी टाइप करता करता एकटीच टाळ्या वाजवल्या.

आणि भिंगरी जगली. तू जाताना एसटीच्या खिडकीतून म्हणालीस ना, या भागात भिंगरीचं काही खरं नाही, तेव्हापासून मी धास्तीत होते. दोन्ही सैन्यांचे निरोप पोचवणारी, उलट्या सुपात बसून उडणारी, कुठल्याच पक्षाची नसलेली आणि प्रत्येक निरोप भलत्याच ठिकाणी आधी नेणारी ती एकच चेटकीण मला या पुस्तकात हवी आहे. ती गेली असती तर मी तुझी तुळस वाळवली असती.

राहवेना म्हणून काल वाड्यामागच्या पटांगणात भोंडला होता, तिथे मी ते प्रकरण मोठ्याने वाचलं. हत्तीच्या चित्राभोवती पन्नास बायका आणि मधे मी पाटावर. खालच्या यमुनाकाकू डोंगराच्या बाजूच्या झाल्या, वरच्या मजल्यावरची ती खराडीत नोकरी करणारी राजनंदिनी नदीच्या. दोघी इतक्या भांडल्या की खिरापतीची भेळ मऊ पडली. यमुनाकाकूंनी शेवटी निर्णय दिला की कल्याणीला लिहिता येतं, हे आता मान्य करायला हरकत नाही. तीस वर्षांच्या शेजारात ही पहिली पावती असेल तुला.

प्रकाशकांना, म्हणजे बद्रीनाथकाकांना, कालच सगळं पाठवून दिलं. ते खूश. दसऱ्यानंतर छपाई.

मावशींना नमस्कार. माया आहेच, ती ओलीच ठेव.
तुझी,
पायल

॥

वाघदरा, वेल्ह्याच्या पुढे
२७ सप्टेंबर

चि. पायल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक धपाटा.

पत्र समाधान कंडक्टरने हातात दिलं. त्याने ते स्वारगेटपासून खिशात जपलं होतं, घडीला तंबाखूचा वास आहे. वाचून मी सुंदराला विचारलं की मी या खेपेला भोंडला लिहिलाय का. ती म्हणाली, तू रडत रडत काहीतरी लिहिलंस एवढं मला माहीत, भोंडल्यात कुणी रडत नाही.

अगं बावळट मुली, तू उलटी बाजू टाइप केलीस!

मी पाठकोऱ्या कागदांवर लिहिते हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. कोरा कागद घेतला की माझा हात चालत नाही, नासाडी वाटते. मागच्या जुन्या मजकुरावर लाल तिरकी रेघ मारते, तीही तुला ठाऊक आहे. शेवटच्या गठ्ठ्यावर रेघ मारायची राहिली हे माझं चुकलं. पण ते भोंडल्याचं प्रकरण मी सहा वर्षांपूर्वी लिहून टाकून दिलेलं आहे. तेव्हा पहिला भागही आला नव्हता. कागदाचा रंग बघून तरी कळायला हवं होतं. पिवळा पडलाय तो.

खरा शेवट दुसऱ्या बाजूला आहे. त्यात भिंगरी तहाचा निरोप घेऊन निघते, खिंडीतल्या धुक्यात शिरते आणि परत येत नाही. तिचं नुसतं सूप सापडतं. ते बघून दोन्ही सैन्यं हत्यारं खाली ठेवतात. दोन भाग माणसं लढाई वाचत आली, त्यांना शेवटी भेळ खायला घालू? युद्धात कुणाचं काहीच गेलं नाही तर ती भातुकली झाली. आणि जायचंच असेल, तर जे सगळ्यांना हवं आहे तेच जायला पाहिजे.

तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे. पण जी कुठेच टिकत नाही तिची वाट दारात बसून किती बघायची, तेही कुणीतरी लिहायला हवं ना.

तेव्हा उद्या बसून योग्य बाजू टाइप कर, बद्रीनाथना पाठव, आणि त्यांना सांग की आधीचं फेकून द्या. यमुनावहिनींची पावती परत करायला लागेल, त्याला इलाज नाही.

शेवग्याच्या शेंगा आणल्यास तर त्यांचं पुढे काय केलंस, ते लिहिलं नाहीस. फ्रिजमध्ये वाळवू नकोस.

राग निवल्यावर जी उरते ती सगळी माया तुझीच.
कल्याणीआत्या

॥

पुणे
३० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

या वेळी उशीर नाही, बघ. शेंगांची आमटी केली, खारट झाली, राजनंदिनीने तरी वाटीभर नेली. ती वर्ध्याची आहे, म्हणते पुण्याच्या गोड आमटीपेक्षा हे बरं.

योग्य बाजू टाइप केली. दोनदा चष्मा पुसला, तिसऱ्यांदा लॅपटॉप. आत्या, खोटं कशाला बोलू, हे भोंडल्यापेक्षा चांगलं आहे. सूप सापडतं तिथे मला पुढची ओळ दिसेना. बद्रीनाथकाकांना पाठवलं. ते फोनवर म्हणाले की वाचक मला दुकानात येऊन मारतील, पण छापतो. परवा दसरा, त्यानंतर काही बदलता येणार नाही असंही म्हणाले.

आता एक विचारते, सरळ उत्तर दे. भिंगरी म्हणजे मी ना? मी काय इतकी मठ्ठ नाही. उडत सुटते, निरोप विसरते, दोन दोन दिवाळ्या घरी येत नाही. तू मला मारलंस का रागाने? मारलंस तर मारलंस, पुस्तक तुझं आहे, मी बदल म्हणणार नाही. फक्त मला कळू दे. कारण इथे तुझ्या घरात राहून, रोज संध्याकाळी त्याच खिडकीत बसून मला प्रथमच कळतंय की तू तिथे काय करत बसायचीस. मला वाटायचं तू रस्ता बघतेस.

बायकांना फसवलं असं वाटायला लागलं, म्हणून काल भोंडल्याला खरा शेवट वाचून दाखवला. आधीच सांगितलं की त्या दिवशीचा रद्द, हा घ्या. वाचून झालं. पेठेत एवढ्या बायका एकत्र आणि शांतता, पलीकडचा इस्त्रीवाला बघायला आला काय झालं म्हणून. राजनंदिनी उठून निघून गेली. मग यमुनाकाकूंनी पदर खोचला आणि विचारलं, पुढे? मी म्हटलं, पुढे काही नाही, संपलं. तर म्हणाल्या, संपलं कसं? पोरगी गेली, तिचे दिवस कुणी घातले? अगं एवढी दोन दोन सैन्यं, आणि त्या मेलीला भाताचा एक गोळा कुणी ठेवला नाही? आमच्याकडे भाडेकरू गेला तरी दहावा करतात. सांग तुझ्या आत्याला, लेखिका असशील तुझ्या घरची, मारायला येतं तर पोचवायलाही यायला पाहिजे.

मी म्हटलं कळवते. कळवलं. तू मनावर घेऊ नकोस, काकूंना तुझा शेवट आवडलाय असा याचा अर्थ. नावडला असता तर त्यांनी छान आहे म्हटलं असतं.

मी सध्या कुठे जात नाहीये. म्हणजे उद्या जरा पर्वतीला जाऊन येईन, पण ते काही जाणं नव्हे.

मारलेल्या आणि न मारलेल्या दोन्ही भाच्यांवर लोभ ठेव.
पायल

॥

वाघदरा
दसरा, २ ऑक्टोबर, सकाळ

चि. पायल,
भरभरून आशीर्वाद.

समाधानची बस तोंड वळवतेय तोवर लिहायचं आहे, अक्षर लावून वाच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, तूच. पण राग नव्हता गं. वाट बघायचा कंटाळा आला होता. एकदा ती मेली असं लिहून टाकलं की खिडकीतून उठता येईल, असं वाटलं. मोकळं वाटेल म्हणून लिहिलं आणि रडत बसले, सुंदरा साक्षीदार आहे.

यमुनावहिनींचं वाचून मात्र अंगावर काटा आला. बाई बरोबर बोलल्या. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल रात्री जेवले नाही, लिहायलाच बसले. म्हटलं, एक छोटं प्रकरण, भिंगरीचा दहावा, आणि मग पुस्तक मिटायचं.

तर दोन्ही सैन्यं संगमावर जमली. एकमेकींशी बोलत नाहीत, पण भात तर शिजवायला हवा. तांदूळ डोंगरातल्यांनी आणले, पाणी नदीतल्यांचं, चूल पेटवली दोघींनी पाठ फिरवून. पिंड ठेवला आणि सगळ्या लांब जाऊन बसल्या. कावळे आले. चेटकिणींच्या घरी कावळ्यांना काय तोटा? झाड काळं झालं. पण एकही पिंडाला शिवेना.

मग नेहमीप्रमाणे कबुली सुरू झाली, की बाई, तुझं काही मागे राहिलं असेल तर आम्ही पुरं करू. काळंबी म्हणाली, मी तुझ्यावर ओरडणार नाही. कावळा हलला नाही. डोहाई म्हणाली, धुकं मी सोडते. एका कावळ्याने मान वळवली. काळंबी म्हणाली, ती सोडत असेल तर मीही सोडते. कावळ्याने जांभई दिली. सुंदरा माझ्या शेजारी बसून एकेक कबुली सुचवत होती, अगदी टोपलीभर हळद आणि नवं सूप इथपर्यंत गेली. मी तीन वेळा ते पान फाडलं. म्हटलं, शिव रे बाबा, मला प्रकरण संपवायचं आहे, माणूस छापखान्यात थांबलाय. माझ्या हातातला कावळा माझं ऐकेना! पुस्तकात असं कधी झालं नव्हतं.

आज पहाटे पुन्हा बसले. कोरे कागद घेतले, बरं का. पाठकोरे संपले होते, आणि नासाडीही वाटली नाही.

लिहिता लिहिता सगळ्यांच्या मागून आवाज आला, की माझं ताट कावळ्यांना का वाढताय? मी मान वर केली. म्हणजे काळंबीने केली, पण खरं तर मीच. पायात एकच चप्पल, केसांत काटे, खिंडीत कुठलंसं रानफूल बघत वाट चुकलेली, तहाचा निरोप अजून कमरेला तसाच खोचलेला. काळंबी आणि डोहाई एकदमच वाढायला उठल्या आणि एकाच पळीला दोघींचा हात लागला. दोघींनीही तो काढला नाही.

बद्रीनाथना आत्ताच्या आत्ता फोन कर आणि छपाई थांबव. रागावले तर यमुनावहिनींना पुढे कर. समाधान घंटी वाजवतोय, मला त्याच्याच बसने यायचं होतं, पण पुढचं लिहायला बसावं लागणार. भात निवतोय, सगळ्या तोंडाकडे बघतायत आणि ती अजून हात धुवायलाही गेलेली नाही.

पायल, भिंगरी आली गं!

तुझी,
आत्या