दप्तराचा प्रसंग

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढा. सासूबाईंनाही सांग. आणि भावजींना सांग, त्यांनी दिलेली छत्री अजून एकदाही उलटी झालेली नाही. पैज ते हरले.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. मी फोन करते तेव्हा तुमच्याकडे तो स्पीकरवर असतो आणि तू 'बरं', 'हो', 'जेवलीस का' यापलीकडे जात नाहीस. मागच्या वेळी मी विचारलं, "ताई, कशी आहेस?" तर उत्तर सासूबाईंनी दिलं, "मजेत आहे ती!" म्हणून हे पत्र. पत्राला स्पीकर नसतो.

शेजारीण विचारते, धाकटी नक्की काय नोकरी करते, तर तिला काय सांगू, असं तू आईकरवी विचारलं होतंस. अवघड आहे, कारण आमच्या बाईंचाच उद्योग कुणाला एका वाक्यात सांगता येत नाही. बाईंनी आधी चार सिनेमे केले. पहिला तुफान चालला, पुढचे तीन उतरत्या भाजणीनं. मग त्या पडलेल्या तीन सिनेमांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. ते कुणी छापेना, तेव्हा स्वतःच प्रकाशन काढलं, आणि इतरांचीही कुणी न छापलेली पुस्तकं छापत बसल्या. आता त्या सल्लागार आहेत. कुणाचा सिनेमा अडला की लोक तो कच्चा जोडलेला सिनेमा घेऊन बाईंकडे येतात. मोठ्या कंपन्याही बोलावतात, आमच्या साहेबलोकांना गोष्ट सांगायला शिकवा म्हणून. बाई म्हणतात, "सिनेमानं नाव दिलं, पुस्तकानं अक्कल दिली, प्रकाशनानं पांढरे केस दिले, आणि जेवायला घालतो तो सल्ला." शेजारणीला सांग, धाकटी पुस्तकांची प्रुफं तपासते. ते खोटं नाही. सकाळी मी तेच करते.

दुपारी मात्र मी 'अडाणी' असते. हसू नकोस, बाईंनी दिलेलं पद आहे ते. ऑफिसच्या मागच्या खोलीत काळे पडदे आहेत, एक प्रोजेक्टर आहे आणि कुरकुरणाऱ्या खुर्च्या. आलेला सिनेमा बाई आधी आवाज बंद करून लावतात, आणि समोर असं माणूस बसवतात ज्याला गोष्टीचा गंधही नाही. म्हणजे मी. संपल्यावर म्हणतात, "काय झालं ते सांग. ऐकलेलं नको, बघितलेलं सांग." पहिल्याच दिवशी एक दिग्दर्शक मोठ्या ऐटीत आले होते. त्यांच्या सिनेमात नवरा-बायकोचं अमर प्रेम होतं. मी सगळं नीट बघितलं आणि म्हटलं, "तो माणूस त्या बाईंचा भाडेकरू आहे, आणि तो एकदाचा खोली कधी सोडतो याची त्या वाट बघतायत." दिग्दर्शकांचं तोंड एवढंसं झालं. बाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे तुमचं प्रेम नुसतं संवादात आहे."

पदवी घेऊन अडाणीपणाची नोकरी करणारी आपल्या घरात मी पहिलीच. पदवी घेणारीही पहिलीच, म्हणा.

आता खरी बातमी. बाई इतक्या वर्षांनी परत सिनेमा करायचं म्हणतायत, आणि लिहायला मला बरोबर बसवतात! एखादा चांगला सिनेमा माणसाला त्याच्याच घरी परत पाठवतो, पण जरा वेगळं करून, असं मला अगदी मनापासून वाटतं. तू म्हणशील, झालं हिचं भाषण सुरू. बरं, थांबते.

गोष्ट दोन बहिणींची आहे. बाकीचं नंतर लिहीन.

सुट्टीत यायला जमणार नाही. काम आहे. आईला कळवलंय, तू वर आणखी काही बोलू नकोस.

आणि हो, आपलं ते शाळेचं दप्तर, आधी तुझं आणि मग माझं, त्याचा पट्टा कुठल्या रंगाचा होता गं? सहज विचारतेय.

तुझी,
शेंडेफळ


६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. तीनच ओळी, पण तिन्ही चिमटे. "सहज विचारायला कुणी पाकिटाला तिकीट लावत नाही, शेंडेफळा. दोन बहिणी कोण? आणि पोटात काय आहे ते ओठावर आण."

आणते. त्या दोन बहिणी आपणच आहोत.

झालं असं, की एका दुपारी कुणाचाच सिनेमा आला नव्हता. बाई म्हणाल्या, मग तुझंच काहीतरी सांग. मी बाबांचं इस्त्रीचं दुकान सांगितलं. गरम कपड्यांचा वास, टेबलावरचं जळकं कांबळं, आईची कंबर धरली ते वर्ष. दुकानात दुसरं माणूस हवं होतं, आणि तू वर्गात पहिली येत होतीस तरी शाळा सोडलीस. मग एका सकाळी दारात उभी राहून, हसत हसत, तू तुझं दप्तर माझ्या खांद्याला अडकवलंस, ते सांगितलं. बाईंनी कपाटातून कोरे कागद काढले. मग म्हणाल्या, "याचा सिनेमा होतो." ताई, त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. वाटलं, तू केलंस ते आता सगळं जग बघेल.

आम्ही पुष्कळ लिहिलं. चांगलं लिहिलं. पण दप्तराच्या प्रसंगाशी येऊन अडायचो. बाई विचारायच्या, "मोठी हसली तेव्हा बघत कुठे होती? धाकटीकडे, की रस्त्याकडे? दप्तर तिनं काढून दिलं, की आधीपासून हातात होतं?" मी एक दिवस एक सांगायचे, दुसऱ्या दिवशी दुसरंच. गेल्या आठवड्यात बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे तू बघितलंस?"

"म्हणजे काय बाई, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

"ते नाही विचारलं मी."

मला राग आला. घरी येऊन उशीवर काढला. आणि मग आपली गोष्ट आवाज बंद करून बघायचा प्रयत्न केला. जे दिसलं ते एवढंच. मी मावशीकडून परत आलेय. दप्तर खुंटीला आहे. तू दुकानात टेबलापाशी, पाठमोरी, कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबतेयस. मी हाक मारते. तू वळत नाहीस.

पुढे काही नाही. तुझं हसू मी कधी बघितलेलंच नाही, ताई. ते आई पाहुण्यांना सांगते त्यातलं आहे. "मोठीनं आपणहून दिलं हो! मनानं फार मोठी आहे पोर." इतक्यांदा ऐकलं की मला ते दिसायलाच लागलं.

आणि मला त्या आठवड्यात मावशीकडे का पाठवलं होतं?

बाई म्हणतात, तुझं उत्तर आल्याशिवाय एक ओळ पुढे लिहायची नाही. तू नको म्हणालीस तर सिनेमा नाही. त्यांना एका कंपनीनं दूरच्या शहरात बोलावलंय, तीच ती साहेबलोकांची शिकवणी, पण वर्षानुवर्षांची. मार्च संपायच्या आत होकार द्यायचाय. सिनेमा होणार असेल तर त्या जाणार नाहीत. सत्तरीला आल्यात त्या. आता नाही तर मग नाहीच.

मी तुझ्यावर दडपण आणत नाहीये. (आणतेय. मला कळतंय.) पण तुझी गोष्ट अशी इस्त्रीच्या टेबलामागे राहून जावी हे मला सहन होत नाही. जे खरं असेल ते लिही, आपण तेच दाखवू.

हो म्हण गं. एवढं एकदा हो म्हण.

तुझी वाट बघणारी,
शेंडेफळ


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र इतकं जाड होतं की टपालवाला म्हणाला, "घरच्यांनी पुस्तक पाठवलं का?" मी ते जिन्यातच उभ्यानं वाचलं. वरचे आजोबा दोनदा बाजूनं गेले, मी सरकलेसुद्धा नाही.

त्यातल्या काही ओळी मी इथे परत लिहितेय. आपल्या घरात ही वाक्यं कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही, तर निदान दोघींच्या अक्षरात असू देत.

"मी दप्तर दिलं नाही. ते माझ्याकडून घेतलं. मी आठवडाभर ओरडत होते. तुझ्या कानावर पडू नये म्हणून तुला मावशीकडे धाडलं. मी जेवले नाही, आईशी बोलले नाही, बाबांना नको नको ते बोलले. मग एक दिवस बाबा रडले, आणि मी गप्प झाले. त्याला त्याग म्हणतात हे मला मागाहून, पाहुण्यांसमोर कळलं."

"तुझ्यावर राग नव्हता. एवढीशी तू, ते दप्तर तुझ्या गुडघ्यांवर आपटायचं. पण मला शाळा हवी होती. अजून हवी आहे. स्वप्नात मी वर्गात जाते, हजेरी चालू असते, आणि माझं नाव येतच नाही. पट्टा हिरवा होता."

आणि शेवटी, "सिनेमा करू नका. बाबा थकलेत. त्यांना कुणीतरी येऊन सांगेल, तुम्ही पडद्यावर असे दिसता. मला ते नको. आणि मला पुन्हा एकदा, सगळ्या जगासमोर, गुणी मुलगीही व्हायचं नाही."

पत्र मी बाईंना दाखवलं नाही. फक्त म्हटलं, "ताई नको म्हणते." वाद घालायची पूर्ण तयारी करून गेले होते, कुणाच्या बाजूनं ते मलाही ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "बरं." सगळी पानं एकत्र केली, दोरीनं बांधली आणि माझ्या हातात दिली. "ही तुमची."

मग चहा आला आणि त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचा तो तुफान चाललेला पहिला सिनेमा त्यांच्या धाकट्या भावावर होता. तो बोलताना अडखळायचा. घरी पाहुणे आले, दुकानात काही मागायचं झालं, की त्याच्या वतीनं बाईच बोलायच्या. तेच सगळं त्यांनी सिनेमात घातलं, खूप प्रेमानं. लोक हसले, रडले, उभं राहून टाळ्या वाजवल्या. भाऊ पहिल्या खेळाला आला होता. शेवटपर्यंत बसला, आणि उठून गेला.

"भांडले का ते?" मी विचारलं.

"भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर तो माझ्यासमोर एक शब्द बोललेला नाही."

पुढच्या सिनेमांत त्यांनी ओळखीचं कुणीच येऊ दिलं नाही, म्हणून ते कुणालाच ओळखीचे वाटले नाहीत, असं त्या म्हणतात. मग पुस्तकं, मग दुसऱ्यांची पुस्तकं, मग दुसऱ्यांचे सिनेमे. "मी किती ठिकाणी हिंडले बघ. एका घरी तेवढी गेले नाही."

"अजून फोन करता त्यांना?"

"करते की. तो उचलतो. मी बोलते, पलीकडे त्याचा श्वास ऐकू येतो. मग हळूच ठेवून देतो." आणि कपाकडे बघत म्हणाल्या, "तुझी बहीण बोलली. नको का होईना, पण बोलली. तुला कल्पना नाही तुझ्याकडे काय आहे."

बाईंनी त्या कंपनीला होकार कळवला. पंधरवड्यात जातायत. प्रकाशन माझ्यावर सोपवलंय. काळे पडदे उतरवून धुवायला दिले, तेव्हा मी रडले. तुझ्याशी खोटं बोलत नाही, सिनेमासाठीच रडले. तू बरोबर आहेस हे समजूनही रडले. महिनाभर मी आपलं दुकान कागदावर उभं करत होते, तुझ्या हाताला इस्त्रीचा चटका कुठे बसायचा ते आठवत होते. रोज तू माझ्यासमोर असायचीस. मला सिनेमा कशासाठी हवा होता, ते पानांना दोरी बांधल्यावर कळलं.

आणखी एक. सुट्टीत येत नाही त्याचं कारण काम नव्हतं. सुट्टीत तूही माहेरी आलेली असतेस. घरी कुणी आलं की आई ती दप्तराची गोष्ट सांगते, तू चहाचा ट्रे घेऊन उभी असतेस, सगळे आधी तुझ्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मला तेव्हा तुझ्याकडे बघवत नाही. म्हणून मी यायचीच बंद झाले. म्हणजे तिथेही एकटी तूच उरलीस.

मी येतेय. आईकडे मागाहून जाईन, आधी सरळ तुझ्याकडे. भावजींना विचारून ठेव. सासूबाईंना सांग, बहीण भांडी चांगली घासते, फक्त गाते बेसूर. तुला बोलावंसं वाटलं तर बोल. नाही वाटलं तर तू काम करशील आणि मी जवळ बसेन. ओरडावंसं वाटलं तर ओरड. मी आता ऐकायच्या वयाची झालेय. यातलं काही कधी लिहिणार नाही, कुणाला सांगणार नाही, कशात वापरणार नाही.

शनिवारी पहिल्या गाडीनं निघते. स्टँडवर कुणाला पाठवू नकोस. तू ये.

तुझ्या बाकावर बसून शिकलेली,
तुझी धाकटी