मागवला घोडामासा, आला हा

ती. मामांस,

पाठ धरल्यामुळे जेमतेम अर्धा साष्टांग नमस्कार, उरलेला भेटीत. मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा दवाखाना जोरात असणारच, लोकांचे दात काही किडायचे थांबत नाहीत.

मी मात्र पार थकलोय. तुमच्या शब्दावर या मत्स्यालयात चिकटलो, त्याला वर्षही झालं नाही. साहेबांनी शाळांच्या सहलींसाठी घोडामासा मागवायला सांगितला. मी चिठ्ठीत तेवढंच लिहिलं. आता घोडामासा म्हणजे घोड्याच्या तोंडाचा, उभा पोहणारा गरीब जीव, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण पुरवठादाराच्या डोक्यात घोडा म्हणजे बंदुकीचा! त्याने धाडला प्रवाळाच्या खडकांत राहणारा, ताटाएवढा, चपटा, पिवळ्या ओठांचा दांडगोबा. त्याच्या पाठीवर एक काटा आहे. तो ताठ उभा राहिला की मागचा छोटा काटा त्याला अडकवून धरतो, आणि छोटा दाबल्याशिवाय मोठा खाली येत नाही. (हाच तो घोडा. मी दाबून पाहायला गेलो होतो. बोट जागेवर आहे, काळजी नसावी.)

डोळे पार कपाळात, आणि दोन्ही वेगवेगळे फिरतात. एक माझ्यावर, दुसरा साहेबांवर. (मला हे जमतं तर आज ही वेळ आली नसती.) तोंडाने पाण्याची पिचकारी मारून वाळू उकरतो, खायला काटेरी जीव शोधतो. ते इथे नाहीत, म्हणून त्याने गोगलगायी संपवल्या, मग हवेची नळी कुरतडली. मी रचलेले दगड रोज आपल्या सोयीने हलवतो. बाहेर काढायला जावं तर कपारीत शिरून काटा उभारतो. मग ओढा, विनवा, ढिम्म हलत नाही. वर आतून गुरगुरतो. त्याने चावलेला माझा हात साहेबांना दाखवला, तर म्हणाले, "चिठ्ठी कुणी लिहिली होती?" आपलेच दात, आपलेच ओठ. सोमवारपर्यंत मासा तरी जाईल, नाहीतर तू, असं त्यांनी बजावलंय. नोकरीपेक्षा तुमचा शब्द खाली पडेल याचीच लाज वाटते.

तुमचा,
पट्टी बांधलेला भाचा

ता. क. : दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत तुमची खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी आहे ना? याला तिथे ठेवाल का? दात उत्तम आहेत, पेशंट बघून शिकतील.

ता. क. २ : पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात साहेब आले. सहलीची पोरं म्हणे त्याच्याच काचेपुढून हलत नाहीत. तो राहतोय. काचपेटी नको. पेशंटची नावं पुकारायला तुम्हाला माणूस हवा होता, ती जागा भरली का? मी चावत नाही, मामा.